दीड तासाचं काम

"दीड तासाचं काम आहे," असं शरदराव सकाळी सहा वाजता म्हणाले आणि सुमनने त्यावर विश्वास ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने सांगितलेल्या कुठल्याच वेळेवर तिने विश्वास ठेवला नव्हता. नेमका त्या शनिवारी ठेवला.

काम होतं जीपचा वॉटर पंप बदलायचं. आणि जायचं होतं धारला, सुमनच्या भावाला भेटायला. विष्णूदादाला गुरुवारी दवाखान्यातून घरी आणलं होतं. बरा झाला म्हणून नव्हे, डॉक्टरांनी हात टेकले म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी भाच्याचा, अभिरामचा फोन आला. "आत्या, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या म्हणून राहिले डॉक्टर. बाबा होशमध्ये आहेत, बोलतात पण. तुझंच विचारतात. तू सकाळीच ये."

सुमनने डोळे पुसले आणि बसच्या वेळा आठवायला लागली. इंदूरचं गंगवाल बस स्टँड घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि धारची बस दर अर्ध्या तासाला. पहाटेची पकडली तर आठच्या आत दादासमोर. ती तसं बोलली, तर शरदरावांनी पेपरातून डोकं बाहेर काढलं.

"बस कशाला? सातला निघू. मी नेतो तुला."

हे वाक्य साधं वाटेल. सुमनला ते साधं वाटलं नाही. कारण शरदरावांनी चार वर्षांत धारचं नाव काढलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी अभिरामच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. शरदराव तिथेच उभे होते. एकतीस वर्षं सरकारी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा वर्ग शिकवून निवृत्त झालेला माणूस! त्यांनी जॅक कुठे लावायचा, का लावायचा, नट कुठल्या क्रमाने सोडायचे हे सगळं नीट समजावून सांगितलं, आणि चाक बदललं घोडीवाल्याने. विष्णूदादा सिंचन खात्यातला ओव्हरसीअर. जन्मभर मजुरांत राहिलेला, मोठा आवाज आणि तिखट जीभ. भर मांडवात, व्याह्यांच्या देखत तो म्हणाला, "आमचे मेहुणे गाडीचे मास्तर आहेत बरं का! हात काळे करणं सोडून सगळं येतं त्यांना." मांडव हसला. शरदराव भरल्या पानावरून उठले ते थेट इंदूरला आले.

त्यानंतर भाऊबीजेला सुमन एकटी बसने जायची. दादा दारातच विचारायचा, "एकटीच?" ती म्हणायची, "त्यांना बरं नाही." चारही वर्षं नवऱ्याला भाऊबीजेलाच बरं नसायचं, आणि दादा मान हलवून आत वळायचा. आपण चुकलो हे त्याला कळत होतं, पण तोंडाने म्हणेल तर तो विष्णूदादा कसला. आणि इकडचेही काही कमी नव्हते. दोन पुरुषांच्या मधे सुमनची मात्र चार वर्षं फरफट झाली.

म्हणून "मी नेतो तुला" हे तिला देव पावल्यासारखं वाटलं. दादा जाणार हे तिने मनाशी धरलं होतं. पण जाण्याआधी त्याने दारात तिला आणि शरदरावांना बरोबर बघावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. ती एकदा झाली की मग काय व्हायचं ते होवो.

सकाळी साडेपाचला शरदराव जीप पुसायला अंगणात गेले, तर खाली पाण्याचं थारोळं.

ही जीप म्हणजे आयटीआयच्या खात्याच्या निलामीतून घेतलेली. निवृत्तीच्या वर्षी खात्याने मोडीत काढली, ती शरदरावांनी घरी आणली आणि अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत दर रविवारी तिला आंघोळ घातली. पाणी आतही घातलं, नळाचंच. कूलंट घालायला हवं हे त्यांना माहीत होतं, पोरांना त्यांनी ते लिहूनही दिलं होतं; पण स्वतःच्या गाडीत "नर्मदेचं तर पाणी आहे" म्हणून बारा वर्षं नळाची नळी लावली. पंप महिन्याभरापासून ठिबकत होता. नवा पंप आणून कपाटात ठेवलेला होता. सवडीने बसवू, म्हणत म्हणत तो तिथेच राहिला.

"बादलीभर पाणी बरोबर घेऊ," सुमन म्हणाली. "वाटेत टाकत टाकत जाऊ. पासष्ट किलोमीटर तर आहे."

"म्हणजे विष्णूपंतांच्या दारात बोनेट उघडून तांब्याने पाणी ओतत उभा राहू?" शरदराव म्हणाले. "आणि बेअरिंग पण खेळून राहिलंय. रस्त्यात बैठलं म्हणजे? दीड तासाचं काम आहे. तू चहा टाक."

सुमनने चहा टाकला. मग आंघोळ केली, केशरी काठाची माहेश्वरी नेसली, पर्स घेतली आणि साडेसातला ओट्यावर येऊन बसली.

तोवर शरदरावांनी पाणी काढून टाकलं होतं, पंखा आणि पट्टा उतरवला होता आणि खाली जुनं बेडशीट पसरून सगळं ओळीने मांडलं होतं. मांडणी बघावी तर त्यांचीच. पाने आकाराप्रमाणे, प्रत्येक बोल्ट कागदाच्या तुकड्यावर, तुकड्यावर नंबर. पंपाला चार बोल्ट. पहिले दोन कुरकुरत का होईना सुटले. तिसरा जागचा हलेना. चौथ्याचंही तेच. गंजाने त्यांचे माथे फुगून आले होते.

"गंजलेला बोल्ट," शरदराव चष्मा सारखा करत म्हणाले. फळ्यासमोर उभे राहिल्यासारखाच आवाज लागला त्यांचा. "याच्या सहा पायऱ्या असतात. जोर लावायचा नाही. जोर लावतो तो गाढव."

पहिली पायरी सफाई. तारेच्या ब्रशने त्यांनी दोन्ही माथे घासले. दुसरी तेल. गंज सोडवायचं तेल थेंब थेंब सोडलं. तिसरी पायरी विश्राम. एक तास. शरदरावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, घरातून खुर्ची आणली आणि जीपसमोर बसले.

"हे काय?" सुमनने विचारलं.

"तेल मुरायला लागतं."

"एक तास?"

"एक तास."

सुमनला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. धारला भाऊ श्वास मोजत पडलाय आणि इथे नवरा बोल्टला विश्रांती देतोय. पण तिने तोंड उघडलं नाही. काल रात्रीपासून शरदराव वेगळेच होते. कपाटातून इस्त्रीचा सदरा काढून ठेवला होता. "विष्णूपंतांना गोड चालतं का गं अजून?" असंही विचारलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर हे सगळं विस्कटेल अशी तिला धास्ती वाटत होती.

नऊला अभिरामचा फोन आला. "आत्या, निघाला का तुम्ही? की गाडी पाठवू? सासरेबुवांची गाडी दारातच उभी आहे, ड्रायव्हर पण आहे. सव्वा तासात तुझ्याकडे पोचते."

सुमनने शरदरावांकडे बघितलं. ते पाना हातात घेऊन उभे होते आणि ऐकत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण पाना घट्ट धरला होता. हो म्हणावं, असं तिला आतून वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं.

"नको रे," ती म्हणाली. "यांची होतेच आहे गाडी. आम्ही दोघं येतोय, सांग दादाला. दोघं."

"काका पण?" अभिरामचा आवाज बदलला. "अरे वा! सांगतो बाबांना. खूश होऊन जातील."

फोन ठेवल्यावर शरदराव म्हणाले, "बरं केलंस." आणि ती शहाणी बाई त्या दोन शब्दांवर खूश झाली.

साडेनऊला शाम स्कूटरवरून जाताना थांबला. चौकात त्याचं गॅरेज. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी शरदरावांच्या वर्गात होता, अजून सर म्हणून वाकून नमस्कार करायचा. त्याने जीपखाली डोकं घातलं, बोटाने बोल्ट चाचपला आणि उठला.

"सर, ये तो ऐसे नहीं खुलेगा. जाम है पूरा. गॅस से गरम करना पड़ेगा. मैं सिलेंडर ले आऊँ? पंधरा मिनट का काम है."

"ताप ही पाचवी पायरी आहे," शरदराव मराठीतच म्हणाले. शामशी ते मुद्दाम मराठीत बोलत. "मी आत्ता तिसरी संपवून चौथीवर आलोय."

"सर, पर आंटीजी तो तैयार बैठी हैं..."

"शाम, तू आपलं गॅरेज बघ."

शाम सुमनकडे बघून खांदे उडवून गेला. सुमनने त्याला हाक मारायला हवी होती. पुढे कितीतरी दिवस तिला आठवत राहिलं ते हेच, की स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर हाक मारता आली असती.

चौथी पायरी ठोका. शरदराव हातोडीने बोल्टच्या माथ्यावर टकटक करत राहिले. साडेदहाला त्यांनी पाना लावला. हलेना. मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं, आणि पाचवी पायरी, सहावी पायरी, सगळं बाजूला ठेवून पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप अडकवला आणि अंगाचा भार टाकला. जोर लावतो तो गाढव, असं स्वतःच सांगून तीन तास झाले नव्हते.

कट् असा आवाज आला. बोल्टचा माथा बेडशीटवर पडला. उरलेला दांडा इंजिनातच राहिला.

शरदरावांनी माथा उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि नंबर लिहिलेल्या कागदावर ठेवला. त्यांच्या बोटाला लागलं होतं, रक्त येत होतं. सुमनने हळद आणून लावली.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "आपण बसने जाऊ या का? दोघं. परत आल्यावर बघू याचं."

"तुला जायचं तर जा," शरदराव म्हणाले. "मी अडवलंय का?"

हे असं म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. सुमनने पर्स उचलली. चपला घातल्या. फाटकाबाहेर आली. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती, रिक्षावाला म्हणाला, "किधर, माताजी?" आणि तिने मागे वळून बघितलं. शरदराव बेडशीटवर पाय पसरून बसले होते, तो तुटका माथा परत हातात घेऊन. आत्ता आपण गेलो तर हा माणूस मरेपर्यंत धारला येणार नाही, हे तिला लख्ख कळलं. दादा विचारेल, "एकटीच?" मरणाच्या दारात पडलेल्या माणसाला काय सांगायचं, बरं नाही म्हणून?

"कहीं नहीं भिया," ती म्हणाली आणि परत आली.

पुढचा दीड तास शरदरावांनी हातड्रिलने त्या दांड्याला भोक पाडायचा प्रयत्न केला. ड्रिलचं टोक सारखं घसरत होतं. बाराला फोन वाजला. अभिराम.

"आत्या, कुठपर्यंत पोचला? बाबा सकाळपासून दहा वेळा विचारून चुकलेत. व्हिडिओ लावू का? दोन मिनटं बोलून घे."

व्हिडिओ लावला असता तर काय दिसलं असतं? घरचा ओटा, उघडी जीप, घामाने भिजलेले शरदराव. आणि दादाच्या ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं असतं. निदान तिला तेव्हा तसं वाटलं. मरणाऱ्या भावाच्या हसण्याला घाबरली ती! नवऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून सुमनने आयुष्यात बरंच काही केलं होतं, त्यात त्या दिवशी आणखी एक भर पडली.

"अरे, व्हिडिओ कुठे, आम्ही रस्त्यात आहोत," ती म्हणाली. "बेटमा येऊन राहिलंय."

"बेटमा! म्हणजे तासाभरात पोचाल. बाबा, ऐका, आत्या बेटम्याला आली!" पलीकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. "आत्या, बाबा म्हणतात मला बसवा. उशा लावून बसवतो त्यांना. ये तू आरामात."

सुमनने फोन ठेवला. शरदरावांनी सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. ड्रिल चालू होतं.

आता मात्र ती थांबली नाही. नवऱ्याला न विचारता तरातरा चौकात गेली आणि शामच्या गॅरेजसमोर उभी राहिली. "शाम, चल. आत्ताच्या आत्ता. तुझं ते वेल्डिंगचं घेऊन चल."

शामने हातातलं काम टाकलं. पोर्टेबल मशीन आणि गॅसचा सिलेंडर हातगाडीवर ठेवून तिच्याबरोबर चालताना तो म्हणाला, "आंटीजी, बुरा मत मानना. सर की गलती नहीं है. हमारे आयटीआय में एक ही इंजन था. चांदी जैसा पेंट किया हुआ. हर बॅच वही खोलती थी, वही कसती थी. उसके बोल्ट तो हम उँगली से खोल लेते थे. जंग लगा बोल्ट हमने वहाँ देखा ही नहीं कभी. सर ने भी कहाँ देखा होगा?"

सुमन चालता चालता क्षणभर थबकली. एकतीस वर्षं. गंजलेल्या बोल्टच्या सहा पायऱ्या एकतीस बॅचेसना लिहून देणाऱ्या माणसाने गंजलेला बोल्ट आज सकाळी पहिल्यांदा बघितला होता. म्हणजे दादा मांडवात बोलला ते खोटं नव्हतंच. लागलं ते खरं होतं म्हणूनच. दया यायला हवी होती तिला, पण आला तो संतापच. हे माहीत असून हा माणूस माझ्या भावाचा जीव टांगून ठेवतोय!

शामने तुटलेल्या दांड्यावर एक नट धरला, आतून झाळला आणि लोखंड लालभडक असतानाच पाना लावून हळूच आधी थोडं आवळलं, मग उलटं फिरवलं. दांडा लोण्यातून निघावा तसा निघाला. चौथा बोल्ट गॅसने तापवून काढला. सगळं मिळून वीस मिनिटं. शरदराव बाजूला उभे राहून बघत होते. त्यांचं तोंड इतकंसं झालं होतं.

शामला ते दिसलं असावं. भला माणूस. तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "पाँचवाँ स्टेप ताप, छठा पहले कसो फिर खोलो. सर, आपने ही लिखवाया था. आज तक याद है."

झालं! शरदरावांची छाती परत फुगली. ते पुढे झाले, जुना पंप ओढून काढला आणि सुमनला दाखवला. आतली चक्री गंजून अर्धी खाल्ली गेली होती. मग स्वतःच्या हाताने त्यांनी बसायची जागा खरवडून साफ केली, नव्या गॅस्केटला, म्हणजे मधल्या कागदी चकतीला, दोन्ही बाजूंनी पेस्ट लावून ते बसवलं, पंप चढवला, नवे बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले. हे काम त्यांनी सुरेख केलं, ते नाकारता येणार नाही. पंखा चढला, पट्टा चढला. पावणेदोन वाजले.

"चला," सुमन उभी राहिली. "पाणी भरा."

शरदरावांनी पेस्टची ट्यूब उचलली, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली. "एक तास. सुकायला एक तास द्यायचाय."

"सर, कागद का गॅस्केट है, नहीं दो तो भी चलेगा," शाम म्हणाला. "पानी डालो और निकलो. मैं बोल रहा हूँ ना."

"लिहिलंय ते का उगीच लिहिलंय? सकाळपासून एकदा घाई केली आणि काय झालं बघितलंस ना?" शरदरावांनी घड्याळ बघितलं. "दोन पन्नासला पाणी भरायचं. तोवर मी आंघोळ करतो."

आणि ते खरंच आंघोळीला गेले.

सुमन जीपमध्ये जाऊन बसली. पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन. घरात जायची तिला हिंमत नव्हती. समोर फक्त अंगणाची भिंत होती आणि तिच्यावर मनी प्लँटचा वेल. फोन वाजला नाही. वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं ती स्वतःला सांगत होती. दादा उशांना टेकून बसलाय. दाराकडे बघतोय. वैतागून म्हणत असेल, बेटम्याहून काय बैलगाडीने निघाले काय? म्हणू दे. आपण दोघं दारात उभे राहिलो की निवळेल. त्या एका तासात ती भावाशी मनातल्या मनात जितकं बोलली, तितकं चार वर्षांत बोलली नव्हती.

तीनला निघाले. शरदरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, पावडर लावली होती. चंदननगर मागे पडून जीप धार रोडला लागली तशी त्यांची कळी खुलली. डॅशबोर्डवरच्या काट्यावर बोट टेकवून ते म्हणाले, "बघ. जागची हलून नाही राहिली सुई. एक थेंब गळणार नाही." बेटम्याला तेच म्हणाले. घाटाबिल्लोदला तेच. बेटम्याची पाटी गेली तेव्हा सुमनने डोळे मिटून घेतले.

साडेचारला जीप दादाच्या दारात थांबली. दाराबाहेर चपलाच चपला. ओट्यावर माणसं खाली मान घालून बसलेली. सुमन उतरली ती कशी आत गेली तिला कळलं नाही. दादाला खाली जमिनीवर ठेवलं होतं. पांघरलेलं होतं. वहिनी, सुनंदावहिनी, उशाशी बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, सुमनने तो दोन्ही हातांत धरला आणि तिथेच खाली बसली.

"अडीचला गेले," अभिराम म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "बारापासून उशीला टेकून दाराकडे बघत होते. झोपवू म्हटलं तर नको म्हणाले. एक वाजला, दीड वाजला. मी म्हटलं फोन करतो आत्याला. तर हात हलवून म्हणाले, राहू दे, शरदराव गाडी चालवत असतील, त्यांना त्रास नका देऊ. सावकाश येऊ देत." त्याने आईकडे बघितलं. "नंतर पण मीच नाही केला फोन. तुम्ही रस्त्यात, काकांच्या हातात गाडी. कशाला म्हटलं."

दादा हसला नसता. व्हिडिओ लावला असता तरी हसला नसता. सुमनला ते आता कळलं.

मागे शरदराव दारात येऊन उभे राहिले होते. ते दादाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले, हात जोडले गेले. डोळ्यांत पाणीही आलं असेल, कोण नाही म्हणतं.

अभिराम सुमनजवळ खाली बसला. त्याच्या विचारण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "आत्या, बेटम्यानंतर काय झालं गं? गाडी बंद पडली का?"

हो म्हटलं की सुटका होती. बंद पडली रे, रस्त्यातच पडली, काय करणार. ओट्यावरच्या माणसांनी च् च् केलं असतं, वहिनींनी पाठीवरून हात फिरवला असता. सुमनने मान वर केली आणि हो म्हणायला तोंड उघडलं.

"बंद?" शरदराव दारातून म्हणाले. "छे, छे. बंद कशी पडेल? आजच नवा पंप घातलाय. तीनला घरून निघालो ते एका दमात इथे. कुठेही थांबलो नाही."

ओट्यावरच्या दोन-चार जणांनी आत डोकावून बघितलं.

"तीनला?" अभिराम म्हणाला. तो काकांकडे नाही, आत्याकडे बघत होता.

शरदराव एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. काय चुकलं ते त्यांना उमगेना. मग ते पेस्टला एक तास सुकू द्यावं लागतं ते सांगायला लागले, आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"मी घरातूनच बोलत होते रे," सुमन म्हणाली.

वहिनींनी तिच्या हातातून आपला हात काढून घेतला. त्या उठल्या, पलंगाजवळ गेल्या आणि भिंतीला लावलेल्या उशा एकेक करून खाली काढायला लागल्या.